न खेळणाऱ्यांची यादी

१९५७ चा जुलै. मिलवॉकी ब्रेव्ह्ज या अमेरिकी बेसबॉल संघाचा बिल ब्रुटन झेल घ्यायला धावला, सहकाऱ्यावर आदळला आणि त्याचा गुडघा निकामी झाला. हंगाम ऐन रंगात आलेला. संघाने विचिटा इथल्या आपल्या मायनर लीग, म्हणजे खालच्या स्तरावरच्या, संघातून बॉब हेझल नावाचा एक सव्वीस वर्षांचा खेळाडू बोलावून घेतला. त्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. हा हेझल आला आणि उरलेल्या हंगामात त्याने समोर येईल त्या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, झोडपून काढलं. ४१ सामने, १३४ ॲट-बॅट (हिशेबात धरल्या जाणाऱ्या फलंदाजीच्या पाळ्या), सरासरी .४०३. बेसबॉलमध्ये .३०० म्हणजे दहात तीन वेळा हिट मारणारा फलंदाज उत्तम समजला जातो. संपूर्ण हंगामभर .४०० च्या वर राहणं अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये १९४१ च्या टेड विल्यम्सनंतर कुणालाही जमलेलं नाही. वर्तमानपत्रांनी हेझलचं नाव ‘हरिकेन’ ठेवलं. ब्रेव्ह्जनी त्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क यँकीजला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढच्या वर्षी हेझलची बॅट थंडावली, संघाने त्याला डेट्रॉइटला विकलं आणि १९५८ नंतर तो मेजर लीगमध्ये पुन्हा दिसला नाही.

पण एका जगात हेझल अजून खेळतो आहे. ते जग टेबलावर मावतं. हल्ली ते संगणकातही असतं.

अमेरिकेत पाऊणशे वर्षं एक विलक्षण छंद जोपासला जातो. खऱ्या खेळाडूंची खरी आकडेवारी घ्यायची, तिचं रूपांतर शक्यतांमध्ये करायचं आणि फासे टाकून तो हंगाम पुन्हा खेळायचा. १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावच्या रिचर्ड सीट्झने ‘ॲपबा’ हा खेळ बाजारात आणला. न्यूयॉर्कजवळच्या हॅल रिचमनने लहानपणीच, अकराव्या वर्षी, स्वतःसाठी असा एक खेळ रचायला घेतला होता; त्यातून १९६१ मध्ये ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ निघाला. कादंबरीकार जॅक केरुॲकनेही स्वतःच्या कल्पनेतले संघ आणि खेळाडू निर्माण करून कितीतरी वर्षं एकट्याने असे हंगाम खेळले होते. आठ-दहा किंवा वीस-तीस माणसं एकत्र येऊन एकेक संघ चालवू लागली की त्याची लीग होते. अशा काही लीग वर्षानुवर्षं चालतात. 

स्ट्रॅट-ओ-मॅटिकची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. तीन फासे असतात. एक फासा सांगतो की कुठला रकाना वाचायचा. एक, दोन किंवा तीन आला तर फलंदाजाच्या कार्डावरचा. चार, पाच किंवा सहा आला तर पिचरच्या कार्डावरचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या रकान्यातली ओळ ठरवते. दोन फाशांची बेरीज सात यायची छत्तीसात सहा वेळा शक्यता असते, दोन यायची फक्त एकदा. त्यामुळे ‘होम रन’ हे शब्द सातच्या ओळीत छापले की बाराच्या, यावर त्या माणसाचा अख्खा हंगाम तोलला जातो. तीन फाशांचे एकूण २१६ निकाल. त्यातले १०८ फलंदाजाचे, १०८ पिचरचे. फलंदाजीच्या प्रत्येक पाळीवर दोघांचा निम्मानिम्मा हक्क.

आता हेझलचं कार्ड डोळ्यांसमोर आणा. एकूण सरासरी .४०३ यायला हवी. निम्मे निकाल समोरच्या पिचरच्या कार्डावरून येणार आणि सर्वसाधारण पिचर साधारण .२६० च्या आसपास हिट देणार. म्हणजे वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) बाजूला ठेवले तर हेझलच्या स्वतःच्या कार्डावर निम्म्याहून जास्त जागा हिट्सनी भरायला हव्यात! असं कार्ड हातात आलं तर कुठला मॅनेजर त्याला बाकावर बसवेल? तो त्याला १५४ च्या १५४ सामन्यांत खेळवेल, सहाशे वेळा फलंदाजीला पाठवेल, आणि दोन महिन्यांची वावटळ वर्षभर घोंघावत राहील. मिकी मँटल, हँक ॲरन यांसारखे दिग्गज त्याच्यापुढे किरकोळ दिसतील.

सिम्युलेशन लीगमधला पहिला मोठा नियम इथे जन्माला येतो, तो म्हणजे वापराची मर्यादा. खेळाडूने खऱ्या हंगामात जितके ॲट-बॅट घेतले, तितकेच किंवा फार तर दहाएक टक्के जास्त तुम्ही त्याला द्यायचे. आकडा लीगगणिक बदलतो, पण तत्त्व एकच. हेझलचे १३४ असतील तर १४७ च्या आसपास त्याचं खातं बंद. मग प्रश्न येतो की उरलेल्या दिवशी खेळणार कोण? ‘स्कोअरशीट’ नावाच्या लीग-पद्धतीत यावर फार सुंदर उपाय आहे. तुमच्याकडे पुरेसे खेळाडू नसतील तर संगणक एक निनावी ‘ट्रिपल-ए’ खेळाडू उभा करतो. त्याची कामगिरी मुद्दाम सुमार ठेवलेली असते. मेजर लीगच्या एक पायरी खालून कुणीतरी आणून उभा केला की काय घडतं, त्याचं ते प्रामाणिक गणित आहे.

वापराच्या मर्यादेने बाकावरच्या माणसाला किंमत येते. बाकावरच्याला किंमत आली की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि मला या सगळ्या विषयाचं मर्म त्यातच दिसतं. जो आज खेळत नाही पण उद्या खेळेल, अशा माणसावर हक्क कुणाचा? आणि किती दिवस?

कार्डांच्या लीगमध्ये अशा खेळाडूंना ‘अनकार्डेड’ म्हणतात. कार्ड मागच्या हंगामाच्या कामगिरीवर बनतं. जो अजून मेजर लीगमध्ये पोहोचलाच नाही त्याचं कार्ड कुठून येणार? तरी त्याचं नाव तुम्ही तुमच्या यादीत लिहून ठेवू शकता. कुठल्या तरी छोट्या गावात बसने फिरत खेळणारा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, त्याला पत्ताही नाही, आणि चार राज्यं पलीकडे कुणीतरी एका वहीत त्याच्या नावापुढे आपला हक्क नोंदवलेला आहे. या वहीला मर्यादा नसेल तर पहिल्याच वर्षी सगळ्यांत चिकाटीचा माणूस देशातली सगळी होतकरू पोरं आपल्या नावावर करून मोकळा होईल. सरळ साठेबाजी. म्हणून लीग ठरवतात की मायनरची इतकीच नावं ठेवता येतील, त्यापुढे एकही नाही. शिवाय त्या खेळाडूने ठरावीक उंबरठा ओलांडला की एक तर त्याला मुख्य चमूत घ्यायचं नाहीतर सोडून द्यायचं.

हा उंबरठा बहुतेक ठिकाणी मेजर लीगच्या ‘रुकी’च्या, म्हणजे नवख्या खेळाडूच्या, व्याख्येवरून उचललेला असतो. फलंदाजासाठी १३० ॲट-बॅट, पिचरसाठी ५० इनिंग, किंवा मुख्य चमूत ४५ दिवस. आकडे कोरडे वाटतात, पण माइक ट्राउटचं उदाहरण घ्या. २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, हा मुलगा पंचविसाव्या क्रमांकावर निवडला गेला. २०११ मध्ये एंजल्स संघाने त्याला वर आणलं. ४० सामन्यांत त्याची सरासरी होती .२२०. पाहणाऱ्याला वाटेल, पोरगा अजून कच्चा आहे. त्याचे ॲट-बॅट किती झाले? १२३. उंबरठ्याला सात कमी! त्यामुळे २०१२ मध्येही तो नियमाने नवखाच राहिला, आणि त्या वर्षी त्याने .३२६ सरासरी, ३० होम रन, ४९ बेस-चोऱ्या अशी कामगिरी करून एकमताने ‘रुकी ऑफ द इयर’ मिळवला. १३० चा नियम असलेल्या लीगमध्ये २०११ च्या डिसेंबरात ज्याच्या मायनर यादीत ट्राउट होता, त्याला मुख्य चमूतली एकही जागा न गमावता त्याला जपून ठेवता आलं. सात ॲट-बॅट म्हणजे दोन दिवसांचं काम. आणखी दोन दिवस तो खेळला असता तर त्या संघमालकाला हिवाळ्यात ठरवावं लागलं असतं की .२२० वाल्या वीस वर्षांच्या पोरासाठी एका कमावत्या खेळाडूला काढायचं का.

साठेबाजीचा हा प्रश्न टेबलावरच्या खेळाने निर्माण केलेला नाही. खऱ्या बेसबॉलमध्ये तो शंभर वर्षांचा आहे, आणि तो तिथे कसा आला हे कळलं की सिम लीगच्या नियमपुस्तिकेतलं एकेक कलम जिवंत होतं.

१९१७ मध्ये ब्रँच रिकी सेंट लुइस कार्डिनल्सकडे आला तेव्हा संघाकडे पैसा नव्हता. मायनर लीगचे संघ तेव्हा स्वतंत्र होते. चांगला खेळाडू तयार झाला की ते त्याला श्रीमंत संघाला चढ्या भावाने विकत. रिकीने वेगळी वाट काढली. खेळाडू विकत घेणं परवडत नसेल तर ते पिकवायचे. कार्डिनल्सनी ह्यूस्टन, फोर्ट स्मिथ अशा ठिकाणच्या संघांत हिस्सेदारी घ्यायला सुरुवात केली. १९३० चं दशक संपेपर्यंत त्यांच्या हाताखाली तीसच्या आसपास संघ आणि शेकडो खेळाडू होते. याला ‘फार्म सिस्टम’ म्हणतात, आणि आज प्रत्येक मेजर लीग संघ याच पद्धतीवर चालतो. आयपीएलमध्ये एखादा गुणी खेळाडू लिलावात घेतला जातो आणि हंगामभर बाकावरच बसतो, तेव्हा आपल्याला हळहळ वाटते. इथे असे शेकडो होते, आणि त्यांना दुसरीकडे जायची मुभाही नव्हती. वरच्या संघात जागा नाही, मालक सोडत नाही, आणि वय वाढत चाललंय.

बेसबॉलचा पहिला आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस पूर्वी संघराज्याचा न्यायाधीश होता. त्याला ही पद्धत मुळीच मान्य नव्हती. १९३८ मध्ये त्याने कार्डिनल्सचे सत्तरहून अधिक मायनर खेळाडू एका आदेशाने मुक्त केले. एकाच लीगमधले एकाहून अधिक संघ छुप्या रीतीने ताब्यात ठेवले, असा ठपका होता. दोन वर्षांनी त्याने डेट्रॉइट टायगर्सच्या नव्वदेक खेळाडूंनाही असंच मोकळं केलं. कार्डिनल्सच्या त्या गटात पीट रायझर नावाचा एक मुलगा होता. त्याला ब्रुकलिन डॉजर्सनी घेतलं, आणि १९४१ मध्ये बावीस वर्षांच्या रायझरने नॅशनल लीगमधली सर्वोच्च सरासरी नोंदवली.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. १९५४ मध्ये डॉजर्सनी पोर्तो रिकोच्या एकोणीस वर्षांच्या रॉबर्टो क्लेमेंटेला दहा हजार डॉलर बोनस देऊन करारबद्ध केलं. तेव्हाचा नियम असा होता की चार हजारांहून जास्त बोनस दिलेला नवा खेळाडू मेजर लीगच्या चमूत ठेवायचा. मायनरमध्ये पाठवला तर हंगाम संपल्यावर दुसरे संघ त्याला उचलू शकतील. नियमामागचा विचार उघड आहे. पैसेवाल्यांनी पोरं विकत घेऊन कोठारात भरू नयेत. डॉजर्सनी धोका पत्करला आणि क्लेमेंटेला आपल्या माँट्रियलच्या मायनर संघात पाठवलं. तिथे तो ८७ सामन्यांत दिसला, पण ॲट-बॅट मिळाले जेमतेम १४८. दुसऱ्या संघांच्या नजरेत येऊ नये म्हणून त्याला लपवून ठेवलं, असं पुढे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. नंतरच्या अभ्यासकांनी सामने तपासून दाखवलं की हंगामाच्या उत्तरार्धात तो मुख्यतः डावखुऱ्या पिचरसमोर खेळवला जात होता, म्हणजे त्यात क्रिकेटपटूंनाही ओळखीची वाटेल अशी साधी डावपेचाची बाब होती. मला हे दुसरं स्पष्टीकरण अधिक पटतं. काही असो, पिट्सबर्ग पायरेट्सचा क्लाइड सुकफोर्थ माँट्रियलचा दुसराच एक पिचर पाहायला गेला होता, आणि त्याची नजर क्लेमेंटेच्या हातावर खिळली. पायरेट्स त्या वर्षी तळाला होते, म्हणून निवडीचा पहिला हक्क त्यांचा. २२ नोव्हेंबर १९५४ ला त्यांनी क्लेमेंटेला चार हजार डॉलरना उचललं.

पायरेट्सचा कारभार तेव्हा कुणाकडे होता? ब्रँच रिकीकडे. ज्याने खेळाडूंची शेती शोधून काढली, मधल्या काळात डॉजर्सचा कारभारी म्हणून जॅकी रॉबिन्सनला आधी त्याच माँट्रियलला आणि मग मेजर लीगमध्ये आणलं, त्यानेच साठेबाजीविरुद्धच्या नियमाचा आधार घेऊन आपल्या जुन्या संघाच्या कोठारातून हिरा काढून नेला. क्लेमेंटेने पुढे बरोबर ३००० हिट्स मारले. १९७२ च्या शेवटच्या दिवशी भूकंपग्रस्त निकाराग्वाला मदत घेऊन जाताना विमान अपघातात तो गेला.

याच नियमाची दुसरी बाजूही पाहायला हवी. १९५४ च्याच डिसेंबरात डॉजर्सनी सँडी कोफॅक्सला बोनस देऊन घेतलं, आणि क्लेमेंटेचा धडा ताजा असल्यासारखं त्याला मुख्य चमूतच ठेवलं. १९५५ मध्ये तो फक्त १२ सामन्यांत चेंडू फेकायला आला. जागा करून देण्यासाठी टॉमी लासोर्डा या पिचरला मायनरमध्ये जावं लागलं. पुढे कोफॅक्स सर्वकालीन श्रेष्ठ पिचरांमध्ये गणला गेला, पण शिकायच्या वयात त्याला नियमाने बाकावर बांधून घातलं होतं. धरून ठेवलं तरी नुकसान, वर आणलं तरी नुकसान. दोन्हींच्या मधली वाट शोधता शोधता आजची नियमावली घडली.

ती नियमावली जशीच्या तशी अनुभवायची असेल तर संगणकाकडे यावं लागतं. ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा खेळ मार्कस हाइन्सोन या जर्मन माणसाने लिहिला आणि तो १९९९ मध्ये पहिल्यांदा आला. बेसबॉल जिथे फारसा खेळलाच जात नाही अशा देशातल्या माणसाने अमेरिकी बेसबॉलच्या कारभाराची इतकी बारीक प्रतिकृती उभी करावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं. यात तुम्ही चेंडू मारत नाही. कारभार पाहता. ऑनलाइन लीगमध्ये तीस संघांना तीस माणसं असतात. प्रत्येकजण आपले निर्णय फाइलमधून पाठवतो, आयुक्त ते एकत्र करून आठवडाभराचे सामने चालवतो, आणि सकाळी उठून पाहावं तर तुमचा शॉर्टस्टॉप जखमी झालेला असतो.

इथे दोन याद्या असतात. २६ जणांची चालू यादी म्हणजे आज मैदानात उतरू शकणारे. ४० जणांची यादी म्हणजे ज्यांच्यावर तुमचा पक्का हक्क आहे ते. मधले १४ साधारणपणे मायनरमध्ये असतात. त्याखाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए अशा पायऱ्यांवर आणखी कितीतरी जण, ज्यांची नावं चाळीसात नाहीत.

समजा तुमच्याकडे एक मुलगा आहे. सतराव्या वर्षी डॉमिनिकन रिपब्लिकमधून करारबद्ध केलेला. हात चांगला, पाय वेगवान, बॅट अजून पोरकट. अठरा किंवा त्याहून कमी वयात घेतलेल्या खेळाडूला पाच हंगामांच्या आत चाळीसात घ्यावं लागतं. एकोणीस किंवा पुढच्या वयात घेतलेल्याला चार. नाही घेतलं तर डिसेंबरातल्या ‘रूल फाइव्ह ड्राफ्ट’मध्ये कुठलाही संघ त्याला एक लाख डॉलरना उचलू शकतो. म्हणून नोव्हेंबर उजाडला की तुमच्यासमोर त्याचं नाव आणि चाळिसावी जागा. ती जागा आत्ता छत्तीस वर्षांच्या एका पिचरची आहे, ज्याने तुम्हाला मागच्या हंगामात सात सामने जिंकून दिले. कुणाला ठेवाल?

समजा मुलाला ठेवलं. आता दुसरं घड्याळ सुरू होतं. चाळीसातल्या खेळाडूला मायनरमध्ये पाठवायला ‘ऑप्शन’ लागतो, आणि साधारणपणे असे तीनच हंगाम मिळतात. हंगामात एकूण २० दिवसांहून कमी काळ खाली राहिला तर तो ऑप्शन खर्च होत नाही. विसावा दिवस भरला की झाला. २०२२ पासून एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही. तीन ऑप्शन संपले की मुलगा साधारण पंचविशीत आलेला असतो, आणि मग त्याला सव्विसात ठेवायचं नाहीतर ‘वेव्हर’वर टाकायचं, जिथे दुसरा कुठलाही संघ त्याच्यावर दावा सांगू शकतो. म्हणजे सतराव्या वर्षी सही करतानाच, तो पंचविशीला येईपर्यंत तुम्हाला काय काय ठरवावं लागेल त्याचं वेळापत्रक तयार झालेलं असतं. मुलाला वाढायला वेळ आहे, पण अमर्याद नाही. तुम्हाला त्याला धरून ठेवायचा हक्क आहे, पण तोही अमर्याद नाही. या खेळात पैशाइतकंच चलन वेळेचं आहे.

वेळेच्या या चलनात किती बारीक हिशेब होतो ते क्रिस ब्रायंटच्या बाबतीत दिसलं. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा झाली की खेळाडू मोकळा होतो, आणि एक सेवावर्ष म्हणजे चमूतले १७२ दिवस. शिकागो कब्जनी २०१५ चा हंगाम सुरू होताना ब्रायंटला मायनरमध्ये ठेवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी, म्हणून संघाला त्याचा आणखी एक हंगाम मिळाला. तो ‘रुकी ऑफ द इयर’ ठरला. त्याने केलेली तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. २०२२ च्या करारात मग सुधारणा आली: रुकी पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण सेवावर्ष मिळेल. सिम लीगमध्ये सेवावर्षं चालू असली की एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सगळे हुशार मॅनेजर आपापले तरुण तारे खाली दाबून ठेवतात. तिथे कुणाचं पोट नाही, कुणाची बँक नाही, तरी माणसं तेच करतात. मला यातून नियमांविषयी फार मोठी गोष्ट कळते. साठेबाजी पैशाच्या हावेतूनच येते असं नाही, ती रचनेतून येते. रचना तशीच ठेवून खेळाडूंच्या जागी नुसते आकडे ठेवले, तरी ती उगवते, आणि तिला आवरायला एका छोट्या लीगच्या आयुक्तालाही लँडिसचीच भूमिका घ्यावी लागते.

आकड्यांचं आणि माणसांचं नातं आणखी एका ठिकाणी ठळक होतं. संगणकात खालच्या पायऱ्यांवर नऊजण पुरे करायला ‘घोस्ट प्लेअर’ म्हणजे भुतं वापरायची सोय असते. जागा भरणारे, ज्यांना कधीच वर जायचं नाही. खऱ्या मायनर लीगमध्ये या जागी हाडामांसाची माणसं असतात. २०२१ मध्ये मेजर लीगशी जोडलेले मायनर संघ साधारण १६० वरून १२० वर आणले गेले. २०२२ मध्ये मायनर खेळाडूंनी संघटना केली, २०२३ च्या पहिल्या करारात ट्रिपल-एचं किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० वर गेलं, आणि २०२४ पासून प्रत्येक क्लबला देशांतर्गत ठेवता येणाऱ्या मायनर खेळाडूंची मर्यादा १८० वरून १६५ झाली. म्हणजे तीस क्लबांत साडेचारशे जागा गेल्या. याच पायऱ्यांवर आपले दोघे पोहोचले होते. उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना २००८ मध्ये पायरेट्सनी करारबद्ध केलं आणि २००९ मध्ये ते गल्फ कोस्ट लीगमध्ये खेळले. रिंकू पुढे सिंगल-एपर्यंत चढला. त्यांच्यावरचा चित्रपट आपल्याकडे पाहिला गेला. त्या खालच्या पायऱ्यांवर एका माणसाची जागा टिकते कशी आणि जाते कशी, हे मात्र याद्यांचे नियम वाचल्यावर उमगतं.

हे सगळं वाचून कुणाला एखादी लीग करून पाहावीशी वाटली तर जरूर करा. चार मित्र, एक संगणक, नाहीतर नुसती कार्डं आणि तीन फासे पुरतात. सुरुवात सोपी ठेवा, मायनरची पाचच नावं आणि १३० चा उंबरठा. नियम हंगाम सुरू होण्याआधी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, कारण ऐन हंगामात बदललेला नियम कुणाच्या तरी ट्राउटवर जाऊन आदळतो. आणि पुढे कधी चाळीसच्या यादीपर्यंत आलात तर नोव्हेंबरात ती काठोकाठ भरू नका. १९९९ च्या रूल फाइव्ह ड्राफ्टमधून मिनेसोटा ट्विन्सकडे योहान सँताना नावाचा विशीतला पिचर आला. अशा खेळाडूला वर्षभर मुख्य चमूत ठेवावं लागतं, नाहीतर मूळ संघाला परत देऊ करावं लागतं. २००० मध्ये त्याने क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळता दर नऊ इनिंगमागे ६.४९ धावा दिल्या. ट्विन्सनी मन घट्ट करून त्याला ठेवलं, आणि २००४ व २००६ मध्ये त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला. चाळीसात एक जागा मोकळी असेल तरच त्या ड्राफ्टमध्ये खेळाडू उचलता येतो; यादी पूर्ण भरलेली असेल तर पाळी आली तरी हात हलवत परत यावं लागतं.